एका घरचे दुखणे, साऱ्या गावची इर्जिक

टेंभुर्णीच्या एस.टी. स्टँडवर पहाटेच्या वेळी उभे राहिले, म्हणजे नाना तऱ्हेची माणसे दिसतात. कुणी पंढरपूरला निघालेले, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी कारखान्याच्या पाळीला. त्या गर्दीत एखादी माउली दिसते. काखेत चार-पाच वर्षांचे पोर, खांद्याला पिशवी. पिशवीत भाकरीचे गाठोडे, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या कागदात जपून गुंडाळलेली दवाखान्याची फाइल. पोराचा चेहरा पिवळट, पोट थोडे पुढे आलेले. तीन आठवड्यांपूर्वीही ती इथेच उभी होती आणि आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा उभी असणार. लेकराला रक्त चढवायला ती सोलापूरला निघाली आहे. सोलापूर इथून नव्वदेक किलोमीटर. एक दिवस जायचा-यायचा, एक दिवस रानातले काम बुडायचे.

तिचे नाव-गाव सांगायचे कारण नाही. माढा, करमाळा, माळशिरस, इंदापूर, कुठल्याही तालुक्यात अशी घरे आहेत. कुणाच्या पोराला थॅलेसेमिया, कुणाच्या लेकीच्या हृदयाला छिद्र, कुणाच्या घरी रक्ताचा कर्करोग. पहिल्या आठवड्यात सगळे गाव विचारपूस करते. शेजारीण भाजी आणून देते, भावकी पाच-पन्नास हजार उभे करते. मग पेरणी येते, ऊसतोड येते, लग्नसराई येते. गावाचे दिवस पुढे सरकतात, पण त्या घरचे दुखणे तिथेच राहते. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे. म्हणूनच अशा वेळी ज्यांचे कधी ना कधी जळलेले असते, अशी माणसे एकत्र आली म्हणजे काय घडते, ते आज सांगायचे आहे.

इर्जिकीची आठवण

आपल्या जुन्या माणसांना इर्जिक ठाऊक आहे. कुणाचा बैल ऐन नांगरणीत मेला, कुणी अंथरुणाला खिळला, कुणाच्या घरी करता पुरुष उरला नाही, तर गावातले दहा-वीस औतवाले एकाच दिवशी आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचे. दिवसभरात रान पालथे करून टाकायचे. मजुरी कुणी मागायची नाही. घरधनी जमेल तसे जेवण घालायचा, तेवढेच. सावडही तशीच. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. उपकाराची भाषा तिथे नसायची. आज त्याच्यावर आली, उद्या आपल्यावर येईल, एवढाच हिशेब.

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. पुढे पाणी आले, ऊस आला, केळी-डाळिंबे आली, ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले आणि बैलांबरोबर इर्जिकही गेली. त्यात दोष कुणाचाच नाही. पण इर्जिकीमागचा जो विचार होता, तो आज दुसऱ्याच रानात उगवलेला दिसतो. आजारी लेकरांच्या आईबापांनी तो पुन्हा उभा केला आहे.

सोळा कोटींचे इंजेक्शन

२०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीची गोष्ट महाराष्ट्रभर झाली. तिला स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एस.एम.ए. नावाचा आजार होता. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशी मरत जातात. बाळाला मान धरता येत नाही, पुढे गिळता येत नाही, श्वास घेता येत नाही. यातला सगळ्यांत कडक प्रकार असला आणि उपचार मिळाला नाही, तर बहुतेक बाळे दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. यावर एकदाच शिरेतून द्यायचे औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाले. त्याची किंमत आपल्या रुपयांत सुमारे १६ कोटी!

नोकरदार आईबापांनी १६ कोटी आणायचे कुठून? त्यांनी लोकांपुढे पदर पसरला. ओळखी-अनोळखी हजारो लोकांनी शंभर, पाचशे, हजार असे पैसे दिले. थेंबे थेंबे तळे साचे, तसे खरोखरच तळे साचले. पण औषध परदेशातून यायचे, त्यावर आणखी सुमारे ६ कोटींचा कर होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने तो माफ केला आणि त्याच महिन्यात मुलीला औषध मिळाले.

त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका मुलीसाठीही लोकांनी असाच पैसा उभा केला. जून महिन्यात तिलाही तेच औषध मिळाले. घरच्यांनी आनंद केला, देणाऱ्यांनीही केला. पण १ ऑगस्टला ती मुलगी गेली.

ही दुसरी गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण अशा वेळी पारावर बसून कुणीतरी म्हणतेच, ‘एवढे पैसे घालून काय उपयोग झाला?’ आपण शेतकरी आहोत. बी पेरताना पाऊस पडेलच अशी खात्री कुणी देत नाही, म्हणून आपण पेरायचे थांबतो का? त्या आईबापांना शेवटच्या दिवसापर्यंत एकटे वाटले नाही, हाही एक उपयोगच आहे. लेकरू गेले तरी ‘पैसा नव्हता म्हणून गेले’ ही टोचणी तरी त्यांच्या जन्माला लागली नाही.

एकाच्या मदतीतून सगळ्यांचा रस्ता

मात्र यातून एक प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. एका लेकरासाठी १६ कोटी जमले. बाकीच्या शेकडो लेकरांचे काय? दर वेळी कोण किती पदर पसरणार?

हा प्रश्न सगळ्यांत आधी पडला तो त्या आईबापांनाच. एस.एम.ए. झालेल्या मुलांच्या पालकांनी २०१४ साली आपल्या देशात ‘क्युअर एस.एम.ए. फाउंडेशन ऑफ इंडिया’ ही संस्था उभी केली. यात मोठे धनिक नव्हते. बहुतेक आई-बापच, काहींची मुले आजारी, काहींची गेलेली. नवीन घरात आजार निघाला, की ही माणसे त्या घराला धीर देतात. कुठला डॉक्टर गाठायचा, श्वासाचे यंत्र कसे वापरायचे, पोराला कफ झाला तर पाठ कशी थापटायची, हे सगळे सांगतात. परदेशी औषध कंपन्या काही मुलांना मोफत औषध देत होत्या, त्यासाठी अर्ज कसा करायचा तेही सांगतात. जी माहिती त्यांना वर्ष-वर्ष वणवण करून मिळाली, ती नव्या आईला एका फोनवर मिळते.

पुढे याच आजारावर तोंडाने घ्यायचे रिसडिप्लाम नावाचे औषध निघाले आणि २०२१ साली ते भारतातही आले. पण एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या वर, आणि औषध जन्मभर घ्यायचे. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पुढच्या वर्षी त्यात एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत ठरवली. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. पण सहा लाखांची बाटली असली, तर ५० लाख किती दिवस पुरणार?

तेव्हा रुग्ण आणि पालक कोर्टाची पायरी चढले. इकडे हैदराबादच्या एका कंपनीने तेच औषध स्वस्तात बनवायची तयारी केली. मूळ परदेशी कंपनीने आपल्या पेटंटवर बोट ठेवून तिला अडवायचा दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली मनाई हुकूम द्यायला नकार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. लगेच भारतीय कंपनीचे औषध बाजारात आले. किंमत एका बाटलीला १५,९०० रुपये! कुठे सहा लाख आणि कुठे सोळा हजार! गरिबाला सोळा हजारही जडच आहेत. पण सहा लाखांचा डोंगर होता तिथे आता चढता येईल अशी टेकडी आली.

वर्गणीने एक लेकरू तगते. वर्गणी देणारे, घेणारे आणि भोगलेले सगळे एका जागी राहिले, तर पुढच्या लेकराची वर्गणीच कमी लागते. वाचकहो, ही गोष्ट गाठीला बांधून ठेवण्यासारखी आहे.

दवाखान्याच्या दारातले गाव

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९४१ सालापासून कर्करोगाचे उपचार होतात. आपल्या जिल्ह्यातूनही किती माणसे तिथे गेली असतील! पण उपचारापेक्षा मोठा प्रश्न असतो तो राहण्याचा. महिनोन् महिने मुंबईत राहायचे कुठे आणि खायचे काय? दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसे राहतात. लहान मुलांसाठी २००६ सालापासून ‘सेंट ज्यूड’ नावाच्या संस्थेने मुंबईत घरे चालवायला सुरुवात केली. तिथे प्रत्येक कुटुंबाला आपली वेगळी जागा, स्वयंपाकघर मात्र सगळ्यांचे एकत्र.

या एकत्र स्वयंपाकघराचे मोल आपल्या बायकांना सांगायला नको. एकीची भाषा मराठी, दुसरीची हिंदी, तिसरीची बंगाली. पण तिघींच्या लेकरांचे केस एकाच औषधाने गेलेले. एकीचे पोर तापाने फणफणले, तर दुसरी तिच्या चुलीवरचा भात उतरवते. औषधाने तोंड आले असता पोर काय खाते, हे जुनी आई नव्या आईला सांगते. डॉक्टर रोग सांगतो, पण रोगासकट दिवस कसा काढायचा, हे दुसरी आईच सांगू शकते.

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. खेड्यातल्या कर्करोगाच्या रोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवायचे देशातले पहिले काम १९८७ साली बार्शीतच सुरू झाले. म्हणजे दर वेळी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. आधी जवळ काय आहे ते विचारावे. हे सांगायलाही कुणी भोगलेला माणूसच लागतो.

रक्ताची इर्जिक

आता परत स्टँडवरच्या त्या माउलीकडे येऊ. तिच्या लेकराला थॅलेसेमिया आहे. या आजारात शरीरात धड रक्त बनत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावे लागते, तेही जन्मभर. सारखे रक्त दिल्याने अंगात लोह साठते. ते काढायला रोज औषध लागते. ते चुकवले, तर हृदय आणि यकृत बिघडते.

इथे १६ कोटी लागत नाहीत. इथे लागते माणसांचे रक्त आणि ते नेमाने लागते. सरकारी नियमाप्रमाणे थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत द्यायचे असते. पण रक्तपेढीतच रक्त नसले, तर मोफत तरी काय देणार? उन्हाळ्यात कॉलेजे बंद असतात, शिबिरे होत नाहीत. तेव्हा या लेकरांचे हाल होतात.

आपल्याकडे जयंतीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर होते. चांगलेच आहे. पण सगळी शिबिरे एकाच महिन्यात झाली, तर रक्त टिकत नाही. लाल पेशींची पिशवी साधारण पाच-सहा आठवडेच राहते. त्यापेक्षा गावातल्या तरुणांनी वह्या कराव्यात. चैत्रात एका आळीने द्यावे, वैशाखात दुसऱ्या, ज्येष्ठात तिसऱ्या. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. रक्त दिल्याने मर्दपण जात नाही की नांगर धरायची ताकद जात नाही. हीच आजची इर्जिक. बैलाच्या जागी आपला दंड पुढे करायचा, एवढाच फरक.

या आजारातून कायमची सुटका करणारा उपचार म्हणजे अस्थिमज्जा बदलणे. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळायचा संभव चारांत एक. खर्च मोठा आहे, पण त्यासाठी ‘कोल इंडिया’ने २०१७ साली सुरू केलेल्या योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते. ही योजना किती घरांना ठाऊक असेल?

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. थॅलेसेमिया आणि एस.एम.ए. दोन्ही आईबाप दोघांकडून येतात. आईबाप स्वतः ठणठणीत असतात, पण दोघांच्याही अंगात तो दोष लपलेला असला, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याचा संभव चारांत एक असतो. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक करायची रीत आहे. एकाच रक्तातल्या माणसांत तोच दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेबरोबर थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करून घ्यावी. निदान पहिल्या गरोदरपणात तरी करावी.

आणि म्हणूनच, सासूबाईंनो, सुनेला बोल लावू नका. ‘हिच्या पायगुणाने झाले’, ‘हिच्या माहेरचा दोष’ असले बोलणे विज्ञानाला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. दोष असलाच तर निम्मा आपल्या मुलाकडून आलेला असतो. आजारी लेकराची आई अर्धी दमते ती पोराला उचलून, अर्धी दमते ती बोलणी ऐकून. बापांनाही सांगायचे, की दवाखान्याची फेरी हे बायकोचे काम नव्हे. एका खेपेला तुम्ही जा, तिला एक दिवस नुसते झोपू द्या.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट, त्या घराला विचारल्याशिवाय त्याच्या दुःखाचा फलक लावू नये. पोराचा फोटो चौकात लावायचा की नाही, हे आईबाप ठरवतील.

दुसरी, वर्गणी गोळा करायची तर हिशेब चोख हवा. पैसे घरच्यांच्या खात्यात किंवा थेट दवाखान्यात भरावेत. डॉक्टरचा खर्चाचा कागद चार माणसांनी पाहावा. जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. पैसा उरला तर पुढच्या घरासाठी ठेवायचा, हे आधीच ठरवावे. लेकराच्या नावावर पैसे उकळणारे भामटेही असतात. कागद पाहिल्याशिवाय देऊ नये, आणि एका भामट्यासाठी खऱ्या घराला नाकारूही नये.

तिसरी, खिशात हात घालण्याआधी सरकारी दारे ठोठवावीत. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात आपला सोलापूर जिल्हा होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्याला गाठावे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे संकोच न करता मागणी करावी. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी पोराला रानात नेऊ नये. हृदयाचे छिद्र अशा तपासणीतच सापडते आणि त्याची शस्त्रक्रियाही योजनेतून होते. थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया २०१६ च्या कायद्याने अपंगत्वात धरले आहेत, त्याचा दाखला काढून घ्यावा. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो.

हे सगळे एकट्या आईबापाला जमत नाही. म्हणून गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींपैकी एकाने त्या घराचे कागदपत्र हाती घ्यावे. कुणी अर्ज लिहावा, कुणी तहसीलच्या खेपा घालाव्यात.

चौथी, पैशावाचूनची मदत. बचत गटातल्या बायकांनी ठरवले, तर दवाखान्याच्या दिवशी त्या घरच्या म्हशीची धार दुसरी कुणी काढेल. मोठ्या भावंडांना शाळेतून आल्यावर कुणी ताटावर बसवेल. उसाला पाण्याची पाळी आली, तर शेजारी मोटर चालू करील. आजारी लेकराच्या घरी दुसरे धडधाकट लेकरू नेहमी मागे पडते. त्याच्याही पाठीवरून कुणीतरी हात फिरवायला हवा.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या पंचक्रोशीत असाच आजार असलेली दुसरी घरे शोधून त्यांची गाठ घालून द्यावी. आशाताई, अंगणवाडीताई, डॉक्टर यांना अशी घरे ठाऊक असतात. घरच्यांना विचारून ओळख करून द्यावी. दोन आया एकत्र बसल्या की अर्धे ओझे तिथेच उतरते. चार घरे झाली तर एका गाडीने दवाखान्यात जातील. दहा झाली तर रक्तपेढीपुढे आणि साहेबांपुढे उभे राहून हक्काने बोलतील. एकटीला ‘उद्या या’ म्हणणारा कारकून दहाजणींना खुर्ची देतो, हा अनुभवाचा भाग आहे.

स्टँडवर सोलापूरची गाडी लागली. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे, तेवढा तरी भार हलका झाला. ती माउली पोराला घेऊन चढली. उद्या तिच्या शेजारच्या बाकावर तशीच फाइल घेतलेली दुसरी आई बसलेली असेल आणि दोघी एकमेकींना नावाने ओळखत असतील, तर समजावे की इर्जिक गावातून गेली नाही. ती घालायची आपल्याकडून तेवढी राहिली होती.